पॉल लांजव्हँ: फिश फाइंडरच्या सेन्सिटिव्हिटीमागचा माणूस

आपल्या वऱ्हाडात समुद्र नाही, पण धरणं आहेत. मोर्शीजवळ सिंभोऱ्याचं अप्पर वर्धा, अकोल्याला पाणी देणारं महानचं काटेपूर्णा, वारी-भैरवगडचं वाण. या पाण्यात रोहू, कटला, मृगळ आहेत आणि त्यांच्यावर पोट असलेली माणसंही आहेत. आता डोंग्याच्या काठाला फिश फाइंडर लावणारे हौशी लोकही दिसायला लागलेत. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे असं कळलं की त्यांच्यातले काही जण मला हमखास एकच प्रश्न विचारतात: स्क्रीनभर ठिपके दिसतात, त्यातला मासा कोणता? दुसऱ्याची तक्रार नेमकी उलटी असते. त्याची स्क्रीन स्वच्छ असते, पण जाळ्यात मात्र भरपूर मासे येतात.

दोघांच्याही प्रश्नाचं उत्तर 'सेन्सिटिव्हिटी' नावाच्या सेटिंगमध्ये आहे. कोणतं बटण कुठे आहे ते माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं. ते बटण मुळात का लागतं, हे समजायचं तर एका फ्रेंच शास्त्रज्ञाच्या आयुष्याकडे बघावं लागतं. त्याचं नाव पॉल लांजव्हँ. पाण्यात आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी पकडायचं तंत्र त्याने पहिल्या महायुद्धात उभं केलं. कमकुवत प्रतिध्वनी आणि नुसता गोंगाट यात फरक कसा करायचा, हा प्रश्न तेव्हापासून या यंत्राला चिकटलेला आहे.

क्युरींचा विद्यार्थी

लांजव्हँचा जन्म २३ जानेवारी १८७२ चा, पॅरिसमधला. वडील बांधकामाच्या मोजमापाचं काम करायचे. घर साधं, पण पोरगा हुशार. १८८८ मध्ये, सोळाव्या वर्षी, त्याने पॅरिसच्या भौतिक आणि रसायनशास्त्राच्या औद्योगिक शाळेत प्रवेश घेतला. तिथे प्रयोगशाळेत शिकवायला होते पिएर क्युरी.

याच पिएरनी आपला भाऊ जाक याच्यासोबत १८८० मध्ये एक शोध लावला होता. क्वार्ट्झचा, म्हणजे स्फटिकाचा, तुकडा ठरावीक दिशेने दाबला की त्याच्या पृष्ठभागावर विद्युतभार तयार होतो. पुढच्या वर्षी उलटी बाजूही सिद्ध झाली: त्याच तुकड्याला वीज दिली की तो किंचित आकसतो किंवा फुगतो. याला म्हणतात पीझोइलेक्ट्रिक परिणाम. पुढची पस्तीसेक वर्षं त्याचा उपयोग प्रयोगशाळेतल्या नाजूक मोजमापापुरताच होता. मेरी क्युरींनी किरणोत्सर्ग मोजताना असाच क्वार्ट्झ वापरला होता. त्यातून पाणबुडी शोधता येईल असं कुणाच्या मनातही नव्हतं.

लांजव्हँ पुढे एकोल नॉर्मालमध्ये शिकला, केंब्रिजला जे. जे. थॉमसन यांच्या प्रयोगशाळेत राहिला आणि १९०२ मध्ये वायूंमधल्या आयनांवर डॉक्टरेट घेऊन मोकळा झाला. १९०५ मध्ये त्याने पदार्थांच्या चुंबकत्वाचा सिद्धांत मांडला. सापेक्षतावाद फ्रान्समध्ये पोचवणाऱ्यांत तो पुढे होता. एक जण वेगवान प्रवास करून परत येतो आणि घरी राहिलेल्यापेक्षा तरुण असतो, हे जे जुळ्या भावांचं कोडं आपण वाचतो, त्याचं मूळ १९११ मधल्या त्याच्या मांडणीत आहे.

त्याच १९११ मध्ये त्याचं नाव वर्तमानपत्रात वेगळ्याच कारणाने गाजलं. पिएर क्युरी १९०६ मध्ये अपघातात गेले होते. विधवा मेरी आणि विवाहित, चार मुलांचा बाप असलेला लांजव्हँ यांच्यातल्या नात्याची पत्रं फुटली आणि छापून आली. एका संपादकासोबत त्याचं द्वंद्वयुद्धही ठरलं. नोव्हेंबरात दोघे पिस्तुलं घेऊन उभे राहिले, पण गोळी कुणीच झाडली नाही. बदनामीचा खरा मार बसला तो मेरींना. त्या बाई होत्या आणि मूळच्या परदेशी होत्या. त्याच महिन्यात त्यांना दुसरं नोबेल जाहीर झालेलं होतं, तरी त्यांच्या दारात लोक ओरडत होते.

पाण्याखालचा शत्रू

एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक बुडालं आणि पाण्याखालची वस्तू आवाजाने शोधायची कल्पना जोर धरू लागली. अमेरिकेत काम करणाऱ्या रेजिनाल्ड फेसेंडेनने १९१४ मध्ये हिमनगावरून परत आलेला प्रतिध्वनी पकडूनही दाखवला. पण त्याचा आवाज कमी वारंवारितेचा, म्हणजे माणसाला ऐकू येणारा होता. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो. हजार हर्ट्झच्या खालचा आवाज घेतला तर त्याची तरंगलांबी दीड मीटरपेक्षा जास्त भरते. असा आवाज सगळीकडे पसरतो, त्यामुळे प्रतिध्वनी आला तरी नेमका कुठून आला ते कळत नाही.

१९१५ मध्ये कॉन्स्टँटिन शिलोव्स्की या रशियन इंजिनिअरने फ्रेंच सरकारला सुचवलं की कानाला ऐकू न येणारा, उच्च वारंवारितेचा आवाज वापरा. जर्मन पाणबुड्या जहाजं बुडवत होत्या, त्यामुळे प्रस्ताव तपासायला लांजव्हँकडे आला. त्याला तो पटला. तरंगलांबी जितकी लहान, तितका तेवढ्याच आकाराच्या यंत्रातून निघणारा झोत अरुंद. ४० किलोहर्ट्झला तरंगलांबी पावणेचार सेंटीमीटरच्या आसपास येते. म्हणजे टॉर्चसारखा आवाजाचा झोत टाकता येतो.

तुमच्या फिश फाइंडरमधली पहिली सेटिंग इथूनच येते. २०० किलोहर्ट्झला तरंगलांबी फक्त साडेसात मिलीमीटर असते, म्हणून झोत अरुंद आणि तपशील जास्त. ८३ किंवा ५० किलोहर्ट्झला झोत सहसा रुंद, पोच खोल, पण तपशील कमी. झोत २० अंशांचा असेल तर १० मीटर खोलीवर तो साडेतीन मीटर व्यासाचा भाग बघतो. ६० अंशांचा असेल तर साडेअकरा मीटरचा. आपली धरणं काही समुद्राएवढी खोल नाहीत, त्यामुळे बहुतेक वेळा २०० ठेवा. पण लक्षात असू द्या की रुंद झोतात दिसलेला मासा डोंग्याच्या बरोबर खाली असेलच असं नाही.

लांजव्हँ आणि शिलोव्स्कीचे पहिले प्रयोग पॅरिसमध्ये सेन नदीवर झाले. आवाज सोडायला अभ्रकाचं कंडेन्सर होतं आणि ऐकायला कार्बनचा मायक्रोफोन. १९१६ मध्ये दोघांनी पेटंट घेतलं. पुढचं काम तुलाँच्या नौदल तळावर गेलं. आवाज जात होता, पण परत येणारा प्रतिध्वनी इतका क्षीण की मायक्रोफोनला तो धड पकडता येईना.

१९१७ मध्ये लांजव्हँला आपल्या गुरूचा क्वार्ट्झ आठवला. पाण्यातला आवाज म्हणजे दाबच, आणि दाबला की क्वार्ट्झ वीज देतो. त्याने क्वार्ट्झच्या पातळ चकत्या दोन पोलादी पाट्यांच्या मध्ये बसवल्या, सँडविचसारख्या. वीज दिली की हे सँडविच थरथरून आवाज सोडायचं, आणि प्रतिध्वनी आला की तेच थरथरून वीज द्यायचं. आजही तुमच्या डोंग्याखाली जो ट्रान्सड्यूसर लटकतो तो याच तत्त्वावर चालतो, फक्त क्वार्ट्झच्या जागी सिरॅमिकची चकती असते.

त्या वेळी आवाजाची ताकद इतकी होती की झोताच्या समोर आलेले मासे मरायचे आणि पाण्यात हात घातला तर तो दुखायचा. तुलाँला काम बघून गेलेल्या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ वूड यांनी याची नोंद ठेवली आहे. माशांचा शोध घेणाऱ्या यंत्राच्या पूर्वजाने सुरुवात अशी केली. आपल्या फिश फाइंडरची ताकद त्यापुढे किरकोळ असते, त्याने मासे मरत नाहीत.

सेन्सिटिव्हिटी म्हणजे नेमकं काय

क्वार्ट्झमधून येणारी वीज अतिशय सूक्ष्म होती. सुदैवाने रेडिओसाठी व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर नुकतेच तयार झाले होते. लांजव्हँने ते जोडले आणि क्षीण प्रतिध्वनी ऐकू यायला लागले. पण ॲम्प्लिफायरला पाणबुडी आणि लाट यातला फरक कळत नाही. तो सगळंच मोठं करतो: पाणबुडीचा प्रतिध्वनी, लाटांचा आवाज, आपल्याच जहाजाच्या इंजिनाची घरघर. वाढवणं कमी ठेवलं तर पाणबुडी निसटते आणि जहाज बुडतं. जास्त ठेवलं तर प्रत्येक लाटेत पाणबुडी दिसते आणि तिसऱ्या खोट्या इशाऱ्यानंतर खऱ्या इशाऱ्याकडेही कुणी बघत नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले सर्व्हरचे अलार्म लावताना याच पेचात असतो. तिथे जहाज बुडत नाही, इतकाच फरक.

फिश फाइंडरची सेन्सिटिव्हिटी म्हणजे हेच वाढवणं. पाण्यात जाणारा आवाज त्याने बदलत नाही. परत आलेल्यातलं किती स्क्रीनवर दाखवायचं, एवढंच ठरतं.

यात खोलीचाही हिशेब आहे. आवाज खाली जाताना पसरतो आणि माशावरून परत येतानाही पसरतो. त्यामुळे तोच मासा दुप्पट खोलीवर गेला की त्याच्या प्रतिध्वनीची तीव्रता सोळाव्या हिश्श्यावर येते. म्हणून बहुतेक यंत्रं उशिरा आलेल्या प्रतिध्वनीला आपोआप जास्त वाढवतात. हिशेब साधारण जुळतो, पण गढूळ पाणी आणि चिखलाचा तळ यांचा अंदाज यंत्राला असेलच असं नाही. म्हणून हाताने जुळवायची पद्धत अशी:

१. डोंगा थांबवा. रेंज हाताने ठरवा. पाणी १२ मीटर असेल तर रेंज १५ मीटर पुरे.

२. माशाचं चित्र दाखवणारं 'फिश आयडी' बंद करा. ते फक्त अंदाज बांधतं. पाण्यात बुडालेली फांदीही त्याला मासा वाटू शकते.

३. नॉइज फिल्टर सुरुवातीला कमीत कमी ठेवा.

४. सेन्सिटिव्हिटी वाढवत न्या. एका टप्प्यावर पूर्ण स्क्रीनभर बारीक ठिपके येतील.

५. आता हळूहळू कमी करा. बहुतेक ठिपके जातील, थोडे उरतील आणि तळाची रेघ अखंड राहील, तिथे थांबा. ठिपके पूर्ण घालवायच्या नादी लागू नका, त्यांच्यासोबत छोटे मासेही जातात.

६. मोटर बंद करून बघा. ठिपके एकदम गेले तर तो मोटरचा विद्युत गोंगाट आहे. सेटिंग बदलण्याआधी वायरी वेगळ्या करा, शक्य असेल तर फिश फाइंडरला स्वतंत्र बॅटरी द्या.

७. खोली बरीच बदलली की पुन्हा जुळवा.

आता हे आपल्या माशांना लावून बघू. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी. सेन्सिटिव्हिटी फार वाढवली तर तळाचा पट्टा फुगतो आणि तळाला टेकून असलेला मृगळ त्यातच गडप होतो. फार कमी केली तर मधला छोटा रोहू जातो. वरच्या एक-दोन मीटरमध्ये वाऱ्याने पाण्यात मिसळलेले बुडबुडे असतात. त्यांचा पसारा दाबायला 'सरफेस क्लॅरिटी' ही सेटिंग असते, पण ती जास्त केली की कटलाही पुसला जातो. कोणत्या माशासाठी निघालात हे आधी ठरवा, मग बटणाला हात लावा.

कागदावरची रेघ

१९१८ च्या सुरुवातीला तुलाँला किलोमीटरपेक्षा जास्त अंतरावरच्या पाणबुडीचा प्रतिध्वनी मिळाला. पण यंत्रं जहाजांवर बसवून वापरात येईपर्यंत युद्धच संपलं. मग या तंत्राने शांततेचं काम धरलं. फ्लोरिसाँ या सहकाऱ्यासोबत लांजव्हँने समुद्राची खोली मोजायचं यंत्र तयार केलं. फ्रेंच जलमापक मार्ती यांच्या नोंदयंत्राने प्रतिध्वनी कागदाच्या सरकत्या पट्टीवर उतरवायची सोय केली. कान लावून बसण्याची गरज संपली आणि प्रतिध्वनीचं चित्र झालं.

तुमची स्क्रीन म्हणजे तीच कागदाची पट्टी. तिच्याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतो. आडवी बाजू अंतर दाखवत नाही, वेळ दाखवते. उजव्या कडेला आत्ताचा क्षण असतो आणि डावीकडे जुनं सरकत जातं. डोंगा उभा आहे आणि खाली एक मासाही स्थिर आहे, तर स्क्रीनवर लांबच लांब रेघ उमटते. तो लांब मासा नसतो. चालत्या डोंग्याखालून मासा गेला तर कमान दिसते, कारण झोताच्या कडेला असताना तो यंत्रापासून थोडा लांब असतो, मध्ये आल्यावर जवळ आणि पुन्हा लांब. 'स्क्रोल स्पीड' डोंग्याच्या वेगाशी जुळवा. हळू वल्हवताना कमी, मोटरवर जास्त.

रंग माशाची जात सांगत नाहीत, प्रतिध्वनी किती जोरकस तेवढंच सांगतात. माशाचं मांस जवळपास पाण्यासारखंच असतं, त्यामुळे प्रतिध्वनीचा मोठा भाग त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून येतो. तळाचंही तसंच. मुरमाचा, दगडाचा तळ जाड आणि गडद पट्टा देतो. काळ्या मातीचा मऊ गाळ आवाज पिऊन टाकतो, तिथे पट्टा बारीक आणि फिका दिसतो. गाळाचा फिका तळ बघून सेन्सिटिव्हिटी वाढवली आणि तीच घेऊन मुरमावर गेलात, तर स्क्रीन भरून जाईल. १२ मीटर पाण्यात रेंज २५ ठेवली आणि २४ मीटरवर आणखी एक तळ दिसला तर घाबरू नका. तळावरून आलेला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावर आपटून पुन्हा खाली जाऊन आला, इतकंच.

उन्हाळ्यात मध्येच एक पुसट आडवी रेघ दिसू शकते. वरचं पाणी तापतं, खालचं थंड राहतं, त्या सीमेवरचा तो प्रतिध्वनी असतो. सेन्सिटिव्हिटी कमी असेल तर तो दिसत नाही आणि कामाची माहिती हातची जाते, कारण मासे बऱ्याचदा या थराच्या आसपास राहतात. पावसाळ्यात नदीचं गढूळ पाणी आलं की मात्र गाळ आणि बुडबुडे मिळून सगळीच स्क्रीन धुरकट होते, तेव्हा एक-दोन पायऱ्या खाली या.

हे सगळं जुळवायचं कशासाठी, तर जाळं फुकट येत नाही. धरणाच्या पाण्याखाली जुने खुंट आणि बाभळी उभ्या असतात. खुंटाचा प्रतिध्वनी मासा समजून जाळं टाकलं तर मासा मिळत नाहीच, वर जाळं फाटतं. खुंट ओळखायची सोपी खूण म्हणजे त्याचा ठसा तळाला चिकटलेला असतो आणि परत त्याच जागेवरून गेलात तर पुन्हा तिथेच दिसतो. मासा सहसा वाट बघत थांबत नाही.

गप्प न बसलेला माणूस

लांजव्हँ १९२० च्या दशकात आपल्याच जुन्या शाळेचा संचालक झाला. लुई द ब्रॉय या तरुणाने कणही तरंगासारखे वागतात असा विचित्र वाटणारा प्रबंध लिहिला, तेव्हा लांजव्हँने तो बाजूला टाकला नाही. त्याने तो आइनस्टाइनला पाठवला. पुढे द ब्रॉयला नोबेल मिळालं. अंधुक संकेतात काही दम आहे का हे तपासायची त्याची सवय अशी माणसांच्या बाबतीतही दिसते.

१९३४ मध्ये फॅसिझमविरोधी विचारवंतांची समिती उभी राहिली, तिच्या प्रमुखांत तो होता. जर्मनांनी पॅरिस घेतल्यावर ३० ऑक्टोबर १९४० ला त्याला अटक झाली. वय ६८. त्याच्या सुटकेसाठी पॅरिसचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले. महिनाभराहून जास्त तुरुंगात ठेवून त्याला त्र्वा गावात नजरकैदेत पाठवलं. त्याचा जावई, भौतिकशास्त्रज्ञ जाक सोलोमाँ, याला मे १९४२ मध्ये जर्मनांनी गोळ्या घातल्या. मुलगी एलेन हिला ऑशविट्झला नेलं, ती जिवंत परतली. मे १९४४ मध्ये लांजव्हँ सीमा ओलांडून स्वित्झर्लंडला निसटला. फ्रान्स मुक्त झाल्यावर परत आला आणि शाळा-कॉलेजांचं शिक्षण कसं बदलावं हे ठरवणाऱ्या आयोगाचा अध्यक्ष झाला. त्या आयोगाचा अहवाल पूर्ण व्हायच्या आधीच, १९ डिसेंबर १९४६ ला, तो गेला.

पुढे त्याच्या नातवाने, मिशेलने, मेरी आणि पिएर क्युरींच्या नातीशी लग्न केलं. तीही भौतिकशास्त्रज्ञ.

नोव्हेंबर १९४८ मध्ये लांजव्हँच्या अस्थी पॅरिसच्या पाँथेऑनमध्ये, राष्ट्राने गौरवलेल्या माणसांच्या शेजारी, नेऊन ठेवल्या. प्रतिध्वनीने मासे दिसू शकतात हे तोवर जपानमध्ये किमुरा यांनी १९२९ मध्ये आणि नॉर्वेत सुंद यांनी १९३५ मध्ये दाखवून दिलं होतं. आणि त्याच १९४८ साली, जपानमधल्या नागासाकी भागात, फुरुनो बंधूंनी मच्छीमारांना परवडेल आणि वापरता येईल असा फिश फाइंडर बाजारात आणला. महानच्या किंवा सिंभोऱ्याच्या पाण्यावर आज जी छोटी स्क्रीन चमकते ती त्याच घराण्यातली. तिच्यावरचं सेन्सिटिव्हिटीचं बटण शंभर वर्षांत आपोआप चालायला शिकलं आहे, पण कोणत्या ठिपक्यावर जाळं टाकायचं ते अजूनही डोंग्यात बसलेल्या माणसालाच ठरवावं लागतं.